खरवडलेला लाल ठिपका

मी एक जुनी लाकडी पाटी आहे. कापराच्या झाडाची, वीतभर उंच. चीनमधल्या चुआनचौजवळच्या एका गावात, किमलानच्या घरी पितरांच्या चौरंगावर माझी जागा होती. माझ्यावर तिच्या सासूबाईंचे नाव आहे. पण मित्रांनो, नुसत्या नावाने पाटी जिवंत होत नाही. गावातले मानाचे पंडित येऊन लाल शाईचा ठिपका देतात, तेव्हा गेलेले माणूस पाटीत राहायला येते. सासूबाई माझ्यात आल्या त्या तशाच.

किमलान रोज पहाटे न्हाऊन माझ्यापुढे चहा ठेवी, उदबत्ती लावी, मगच स्वतः घोटभर घेई. संध्याकाळी दिवसभराचे सांगे. "आज भातात खडा निघाला हं. रागावू नका."

मग तिचा नवरा तेकसेंग मनिलाहून परतला. डोक्यावर टोपी, पायांत करकरणारे बूट आणि सोबत पाद्र्यांचा नवा धर्म. त्याच महिन्यात गावात नव्या थाटाचे नाटक आले. पितरांच्या पाट्या जाळून शहाणे झालेल्या एका कुटुंबाचे. तेकसेंगने मला चौरंगावरून उचलले.

"अहो, त्यात आई आहेत!"

"लाकूड आहे ते. नाटकवाल्यांना हवंय. शेवटच्या अंकात जाळणार आहेत."

"जाळणार? तुमच्या आईला?"

"हळू बोल. गाव हसेल."

नाटकाच्या दिवशी दुपारी किमलान पडद्यामागे आली. अंबाड्यातला काटा काढून तिने माझा ठिपका खरवडला. "चला आई, निघू या इथून," म्हणाली. तांबडी पूड कागदात बांधून, छातीशी धरून गेली.

आणि जाळ? शेगडीत लाल कागद, मागे कंदील! टाळ्या पडल्या. माझी कडसुद्धा तापली नाही. किमलानने जन्मात नाटक पाहिले नव्हते, आणि तिथला जाळ खोटा असतो हे तेकसेंगने तिला सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी नाटकवाल्यांनी मला घरी पोचवले. किमलान तशीच पंडितांकडे धावली.

"पुन्हा ठिपका द्या, आजोबा. पाया पडते."

"बूटवाल्याच्या घरात? त्याच्या पाद्र्याला सांग की!"

आता तेकसेंगच्या नव्या टेबलाच्या लंगड्या पायाखाली मी आहे. किमलान संध्याकाळी त्या पुडीशी बोलते. केर काढताना मला चुकवून झाडू फिरवते, पण माझ्याकडे बघत नाही. मी खरेच जळले असते, तर तिचे खरवडणे तरी सार्थकी लागले असते.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू काढायची तर काढा. पण तिच्यापुढे रोज उदबत्ती कोण लावते, त्या माणसाला आधी विचारा. आणि जाळ खोटा असेल, तर तेवढे तरी त्याला सांगा.