खोक्यातली शाळा

गेली बारा वर्षं प्रत्येक नव्या इमारतीचा पहिला प्रश्न माझ्याच टेबलावर यायचा. "थोरल्या सूनबाई, उन्हाकडे पाठ कशी करायची हिची?" सासरे वास्तुकार, मी त्यांच्या कचेरीत उष्णतेचा हिशेब मांडणारी. खोली न् खोली, भिंतीचा थर न् थर. तीन आठवडे लागायचे, पण शब्द माझा चालायचा.

मग धाकटी जाऊ कामाला आली. शाळेचे तीन कच्चे आराखडे होते. तिनं संगणकात प्रत्येकाचं एक खोकं केलं: चार भिंती, एक छप्पर, सगळ्या खिडक्या मिळून एक भोक. जेवणाच्या सुट्टीआधी उत्तर तयार. "बाबा, तिसरा. लांब भिंती उत्तर-दक्षिणेला. थंडाव्याला वीज सगळ्यात कमी लागेल."

"खोक्यात चपला ठेवतात गं, शाळा नाही," मी म्हटलं.

"ताई, भिंतींचे थर अजून ठरलेत कुठं? ठरले की तुमचंच काम." ती गोड हसली. ते गोड हसणंच झोंबलं.

देवापुढे हात जोडले तरी डोळ्यांसमोर खोकं. तोंडी नाम, मनी जाऊ! शेवटी तिची फाईल गुपचूप उघडली, आणि सापडलं. शाळेत मुलंच नव्हती. चारशे मुलांच्या अंगची ऊब तिनं धरलीच नव्हती. देव पावल्यासारखा आनंद झाला. त्यात देवाचा काही हात नव्हता.

मुलं घालून तिन्ही खोकी मी पुन्हा चालवली. आकडे वाढले, क्रम तोच राहिला. हे कुणाला बोलले नाही.

शाळेच्या मंडळींबरोबरच्या बैठकीत मी म्हणाले, "हिच्या शाळेत एकही मूल नाही."

"मग मी ओरडू कुणावर?" मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. सगळे हसले. धाकटीचे कान लाल झाले.

सासरे हसले नाहीत. "मुलं धरली तर कोणता आराखडा?" त्यांनी मलाच विचारलं.

"तीन आठवडे द्या," एवढं म्हटलं असतं तरी खोकं कचऱ्यात गेलं असतं. ओठांवर आलंही. पण मुलं आता माझ्या हिशेबात बसली होती; त्यांना पश्चिमेच्या उन्हात कसं लोटू?

"तिसराच."

नंतर धाकटी वही घेऊन आली. "ताई, एका मुलाची ऊब किती धरायची?"

"सत्तर वॅट."

"मला सुचलंच नाही बघा. बरं झालं तुम्ही पाहिलंत."

फाईल का उघडली, हे तिनं विचारलं नाही. भांडली असती तर सोपं गेलं असतं. तेवढ्यात सासरे नव्या जागेचा नकाशा घेऊन आत आले, आणि ते कुणाच्या टेबलाशी थांबतात, हे मी श्वास रोखून पाहत राहिले.