पिवळट राहिलेलं द्रावण

शुक्रवारी दुपारी सव्वादोनला सतरा क्रमांकाच्या नमुन्याचा निकाल पडद्यावर आला. खालची पट्टी काळीभोर होती, वरची कोरी. म्हणजे प्रथिन आहे, पण त्यावर फॉस्फेट नाही. अहवालात तिला एकच शब्द लिहायचा होता: नकारात्मक.

सतरा क्रमांक म्हणजे तिचा थोरला भाऊ. नमुन्यांवर नावं नसतात, पण बुधवारी सकाळी गाठीचा तुकडा काढलेला रुग्ण एकच होता आणि त्याची चाकाची खुर्ची तिनेच ढकलली होती. नियमाप्रमाणे तिने तो नमुना हातात घ्यायला नको होता. तिने हे कुणाला सांगितलं नाही.

गाठीवरचं नवं औषध प्रथिनावर फॉस्फेट चढवणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, अडवायचं. ज्याच्या गाठीत फॉस्फेट चढलेलंच नाही, त्याला ते देऊन उपयोग नव्हता. औषधाच्या चाचणीत दोन जागा उरल्या होत्या आणि यादी पाचला बंद होणार होती. दादासाठी दुसरं औषध नव्हतं.

तिने फ्रीजमधली व्हॅनेडेटची बाटली काढून पांढऱ्या कागदासमोर धरली. आतलं द्रावण फिकट पिवळं होतं.

पेशीत फॉस्फेट चढवणारी विकरं असतात, तशी उतरवणारीही असतात. त्यांना फॉस्फटेज म्हणतात. तुकडा वाटून बारीक केला, पेशी फुटल्या, तरी ती काम सोडत नाहीत, असलेलं फॉस्फेटही उतरवून टाकतात. त्यांना रोखायला व्हॅनेडेट लागतं आणि ते तयार करणं कंटाळवाणं असतं. आम्लता जुळवली की ते पिवळं होतं, उकळलं की रंग जातो. गार करून पुन्हा जुळवलं की पुन्हा पिवळं. रंग परत येईनासा होईपर्यंत हेच करत राहायचं. अर्धवट सोडलेलं द्रावण असून नसल्यासारखं.

सोमवारी तिने एकदाच उकळलं होतं. दादाला धाप लागल्याचा वहिनीचा फोन आला, तशी उरलेलं उद्या करू म्हणून बाटली ठेवून ती निघाली. मंगळवारी पहिले तीन नमुने आले तेव्हा तीच बाटली हाताशी आली, बुधवारी दादाच्या नमुन्यालाही तीच.

तिने नोंदवही उघडली. चौदा, पंधरा, सोळा, सतरा. चौघांनाही हेच द्रावण. पहिले तिघे नकारात्मक म्हणून कळवूनही झाले होते. तुलनेचा नमुना बाहेरून तयार येतो, त्याला हे द्रावण लागत नाही; तो दर वेळी छान उमटला, म्हणून कुणाला शंका आली नाही.

फोन वाजला.

"काय म्हणतात तुमची प्रथिनं, शास्त्रज्ञबाई?"

"बघतेय अजून, दादा."

"तांदळाएवढा तर तुकडा. त्यात बघून बघून किती बघणार?" तो थांबला, श्वास घेतला. "लवकर कळव. तुझी वहिनी सकाळपासून एकच फरशी पुसतेय. झिजेल आता."

तिने फोन ठेवला. खराब झालेला नमुना बाद करता येतो आणि त्या रुग्णाची जागा आठवडाभर राखतात. सतराची नळी फुटली म्हटलं की दादाला जागा मिळत होती. खरं सांगितलं तर चौघेही बाद होणार होते, आणि जागा क्रमांकाने मिळणार होत्या. दादा त्यात शेवटचा.

प्रयोगशाळाप्रमुख मॅडम सह्या करत होत्या.

"मॅडम, सतरा बाद करायचा आहे."

"काय झालं?"

"नळी." ती अडखळली. मॅडमनी पेन उचललं होतं. "नळी नाही. व्हॅनेडेट पिवळं राहिलं. चौदापासून."

मॅडमनी बाटली उजेडात धरली. बराच वेळ धरली.

"सोळाला काल घरी पाठवलंय. आता काही करता येणार नाही, असं सांगून."

तिने नोंदवही मॅडमसमोर ठेवली.

"आणि सतरा तुझा कोण?"

"भाऊ."

"नळी फुटली म्हणाली असतीस, तर मी पुढे विचारलं नसतं."

"माहीत आहे."

"बस तिथे." मॅडमनी पहिला फोन चौदाच्या डॉक्टरांना लावला, मग पंधराच्या, मग सोळाच्या. चौथा लावला नाही. "तो तू कर. आणि नवं द्रावण आज माझ्यासमोर कर. सोमवारी पुन्हा नमुने येतील. सतराचं कोणीतरी दुसरं बघेल. तुझ्या चौकशीचं नंतर."

पाचला दहा कमी असताना तिने दादाला सगळं सांगितलं. वहिनीचा सोमवारचा फोन तेवढा सांगितला नाही.

"म्हणजे पुन्हा सुई," दादा म्हणाला.

"पुढच्या तिघांपैकी दोघांचं सकारात्मक आलं, तर सुईचाही उपयोग नाही. तू चौथा आहेस."

"आणि जागा दोन."

"हो."

मागे बादली सरकल्याचा आवाज आला. वहिनी काहीतरी विचारत होती. त्याने तिला थांब म्हटलं.

"पुढचे तिघे कोण आहेत?"

"माहीत नाही रे. नुसते आकडे असतात."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. ठीक नव्हतं, त्याचा आवाज चिरकला होता. "सोमवारी उपाशीपोटीच यायचं ना?"



"हो," ती म्हणाली.

शेगडीवरच्या भांड्यातला रंग उडाला होता. तिने ते गार केलं, थेंब थेंब आम्ल घालून आम्लता जुळवली. द्रावण पुन्हा पिवळं झालं. शेजारी मॅडम हाताची घडी घालून उभ्या होत्या. तिने भांडं पुन्हा शेगडीवर ठेवलं.