गोपाळकृष्णांनी करून दाखवलेले शब्द

गोपाळकृष्ण भावे कमी बोलत. किती कमी, तर बँकेतून निवृत्त होताना सत्काराला उत्तर म्हणून ते 'आभारी आहे' एवढंच म्हणाले आणि बटाटेवड्याच्या बशीकडे वळले. शनिवार पेठेत अशा माणसाला शिष्ट म्हणतात. त्यांची बायको वासंती घुम्या म्हणायची, तेही तोंडावर.

मुलगी तनया मात्र शब्दांपायी बेजार झाली होती. तिला अमेरिकेत जाऊन पुढचं शिकायचं होतं आणि त्यासाठी जीआरई द्यायची होती. गणितात तिने बाजी मारली, पण इंग्रजी शब्दांनी पहिल्या खेपेला असा दगा दिला की मनातलं विद्यापीठ हातचं गेलं. आता दुसरी खेप. हीही हुकली तर तो नाद सोडायचा, असं तिने स्वतःच जाहीर करून टाकलं होतं. रोज ती शब्द घोकायची आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या कपापर्यंत ते पार उडून गेलेले असायचे.

अशीच एकदा चहा पिताना ती पुटपुटत होती. टॅसिटर्न म्हणजे मितभाषी. "हा एक बरा लक्षात राहतो," ती म्हणाली. "लगेच बाबा डोळ्यांसमोर येतो."

गोपाळकृष्णांना आधी राग आला. मग अंघोळ करता करता आनंद झाला. आपल्या स्वभावाचा कुणाला उपयोग होतोय, ही गोष्ट त्यांना नवीन होती. डोकं पुसत बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "पुढचा कोणता?"

पुढचा होता गॅर्युलस, म्हणजे वाचाळ. त्या सकाळी ते तनयाला घेऊन साईनाथ वाण्याकडे रवा आणायला गेले आणि तिथे सुटलेच. स्वतःचा गुडघा, मेट्रोची खोदाई, हल्लीच्या तुरीच्या डाळीचं न शिजणं, कधीकाळी हुकलेलं प्रमोशन. साईनाथ पुडा हातात धरून नुसता बघत राहिला. मागे रांग लागली. तनयाने हसू दाबण्यासाठी ओढणीचा बोळा तोंडाशी धरला होता. घरी हे ऐकल्यावर वासंती एवढंच म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्हाला येतच नाही."

मग त्यांना चटकच लागली. ऑब्सेक्विअस म्हणजे लाळघोट्या. सोसायटीच्या चेअरमन सत्यशीलाबाईंशी त्यांचं पार्किंगवरून वाकडं होतं. त्याच बाईंची भाजीची पिशवी त्यांनी दारापर्यंत वाहून नेली आणि आपण आहात म्हणून इथे नळाला पाणी येतं, असं कमरेत वाकून सांगितलं. बाईंनी लगेच वासंतीला फोन करून डॉक्टरांना दाखवून घ्यायला सुचवलं.

शब्द आता तनयाच्या डोक्यातून हलायला तयार नव्हते. सराव परीक्षांतले मार्क चढू लागले. ते बघून गोपाळकृष्ण खूश व्हायचे आणि लगेच पेपर उघडून त्यामागे तोंड लपवायचे. एकेक शब्द शिकवून आपण पोरीला आपल्याच हाताने घराबाहेर काढतो आहोत, हे त्यांना कळत होतं. पण हे बोलायचं कुणाशी आणि कसं, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी एकच शब्द उरला, लॅक्रिमोस. म्हणजे रडवेला. हा अगदीच सोपा आहे म्हणत ते खुर्चीत बसले आणि त्यांनी नॅपकिन तोंडाला लावला. रडू येईना. सवयच नव्हती. म्हणून ते एखादी वाईट गोष्ट आठवू लागले. हुकलेलं प्रमोशन आठवून पाहिलं, काही झालं नाही. मग दाराशी तनयाच्या चपला नाहीत आणि टेबलावर दोनच ताटं आहेत, असं चित्र डोळ्यांपुढे आलं. कितीतरी महिने त्यांनी ते लांब ठेवलं होतं.

"बाबा, कसला भारी करतोयस," म्हणत तनयाने टाळ्या वाजवल्या. नॅपकिन खाली येईना, तसा तिने तो हसत ओढून पाहिला आणि तिचा हात थांबला. वासंती स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने नवऱ्याकडे एकदाच पाहिलं आणि हळूच म्हणाली, "अगं, ते करून दाखवत नाहीयेत."

तनया खुर्चीशी जमिनीवर बसली. वडिलांच्या गुडघ्यावर हात ठेवून ती म्हणाली, "बाबा, मी नाही जात." त्या क्षणी ते अगदी खरं होतं.

गोपाळकृष्णांनी नाक पुसलं. चष्मा लावला. मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"जायचंच," ते म्हणाले. "आणि उद्या हा शब्द आला आणि चुकलीस, तर घरात घेणार नाही."