आक्काच्या कपड्यांची गोधडी

आक्काच्या न्यूमोनियापुढे डॉक्टरांनी हात टेकले होते, पण आक्का कुणाच्या सांगण्यावरून मरणाऱ्यांतली नव्हती. हिवाळा तोंडावर आला असताना ती काठी टेकत लेकीच्या घरी परतली. अंगाचा दवाखान्याचा वास जाईपर्यंत अंघोळ केली आणि आपल्या खोलीतलं कपाट उघडलं.

आत नुसते हँगर लटकत होते.

"अगं, माझे कपडे कुठेत?"

स्वयंपाकघरात भांडं पडलं.

लेकीचा गाऊन अंगात अडकवून आक्का बाहेरच्या खोलीत आली, तर तिथल्या पलंगावर नवी गोधडी. तिरक्या पट्ट्यांचे चौकोन, चौकोनाला चौकोन जोडलेले. जन्मभर शिवणकाम केलेल्या आक्काला क्षणभर कौतुकच वाटलं. मग एका निळ्या पट्टीवर बटणाचं काज दिसलं. तिचा कोट! शेजारी तिचा फुलाफुलांचा झगा. त्याला लागून बहिणीने दिलेला रेशमी ब्लाउज, तिने जपून जपून एकदाच घातलेला.

"माझी गोधडी केलीस?"

लेक दारात उभी होती. "आई, डॉक्टर म्हणाले होते... तुझी आठवण राहावी म्हणून..."

"आठवण! मी तिकडे नळ्या लावून श्वास ओढत होते, आणि तू इकडे कात्री चालवत होतीस? निदान मी थंड होईपर्यंत तरी थांबायचंस!"

जावई समजूत घालायला पुढे झाला. "पण आक्का, रंग किती छान जुळलेत बघा."

"जावईबापू, तुमची एक तरी पँट आहे का हिच्यात?"

जावयाला एकदम बाहेरचं काम आठवलं.

लेक रडायला लागली. "घरी आले की तुझं रिकामं अंथरूण बघवायचं नाही. तुझे कपडे हातात असले की बरं वाटायचं."

आक्काने गाऊनच्या बाहीने तिचे डोळे पुसले, पण राग तसूभरही उतरला नाही. "मग हातात धरायचे. कापायचे कशाला? आणि चांगला कोटच का?"

"निळा रंग कमी पडत होता."

"रंग कमी पडत होता!" आक्काने कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गोधडी जमिनीवर पसरली आणि वर खडूने रेघा मारल्या. कात्री बघून लेक धावली. "आई, नको! किती मेहनत केलीय मी!"

"माझे कपडे कापताना तुला कुणी नको म्हटलं होतं?"

सुईत दोरा मात्र लेकीलाच ओवावा लागला. बाह्या जोडताना जाड कापड मशीनखाली सरकेना, तेही लेकीनेच मुकाट्याने ओढलं. गोधडीचा पायघोळ कोट तयार झाला, आणि आक्का तो घालून, लेकीला सोबत घेऊन थेट बाजारात निघाली.

कोपऱ्यावरच्या फुलवालीने तिला नखशिखान्त न्याहाळलं. "आक्का! बऱ्या झालात? कोट किती सुंदर, कुणी शिवला?"

"कापड लेकीनं जोडलं," आक्का भर रस्त्यात खणखणीत आवाजात म्हणाली, "मी मेले असं समजून."

"आई, हळू बोल ना!" लेकीचा चेहरा लालबुंद झाला.

"का म्हणून हळू? मेलेल्या बाईला कसली लाज?"

फुलवालीने हसू दाबायला तोंडाला पदर लावला. आक्काने रस्ता ओलांडताना लेकीचा हात घट्ट धरला, पण बोलणं काही थांबवलं नाही.