एका कान्याचा चमत्कार

"एकशे बारावरून थेट सहाशे चाळीस!" कारकुनांनी आरोळी ठोकली आणि शाळेच्या संगणक-खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. मुख्याध्यापक, शिपाई, पालक, सगळे एकाच पडद्याकडे बघत होते. आमच्या मुलांनी स्पर्धेसाठी संगणकावर रचलेली गाडी एका लिटरमध्ये सहाशे चाळीस किलोमीटर धावली होती. गाडी खरी नव्हती, रस्ताही खरा नव्हता. हात मात्र खरेच जोडले गेले होते.

माझ्या खुर्चीत एक चमत्कारवाले बाबा बसले होते. मॉनिटरवरून तीनदा मूठ ओवाळून म्हणाले, "पिस्टनमध्ये नकारात्मकता अडकली होती. आम्ही उतारा केला. आता ही गाडी पेट्रोल नाही, श्रद्धा पिते."

"मग टाकी काढून टाकू?" मी विचारलं.

"शंका म्हणजेच घर्षण, मास्तर." टाळ्या पडल्या.

कारकून म्हणजे माझे मेव्हणे, धाकट्या बहिणीचे यजमान. बाबांना त्यांनीच आणलं होतं. माझा हात दाबत ते म्हणाले, "आता तरी पटलं ना? आजपासून हिच्या फिटच्या गोळ्या बंद. बाबा हिचाही उतारा करणार आहेत."

मला राग यायला हवा होता. आला नाही. आमच्या आईचाही असाच उतारा झाला होता, आणि ती गेल्यापासून माझ्या आत सगळं बधिर आहे. धाकट्या बहिणीचा जीव धोक्यात येत होता आणि मी नुसतं "बरं" म्हणालो.

गाडीचा आराखडा करणारी मुलगी मात्र कीबोर्ड सोडेना. तिला सगळे 'दशांश' म्हणतात, कारण चुकीचा आकडा तिला डोळ्यातल्या कुसळासारखा सलतो.

"सर, याच रस्त्यावर एक कपाट चालवून बघू?"

"कपाट?"

"चार चाकं लावलेलं. सगळा वारा अडवणारं."

कपाट सहाशे दहा धावलं. कोणीतरी फिसकन हसलं.

"कृपा सर्वांवर असते," बाबा म्हणाले.

"कृपा नाही, उतार आहे," म्हणत दशांशने रस्त्याचं पान उघडलं. नियमाप्रमाणे 'उतार'च्या चौकटीत शून्य हवं होतं, तिथे तीन होतं. बहुतेक वाट गाडी इंजिन बंद ठेवून नुसती घरंगळत होती. बदलाची वेळ शेजारीच नोंदलेली होती: सकाळी सव्वादहा. त्या वेळी बाबांचा चेला दार लावून एकटाच 'संगणकशुद्धी' करत होता.

तिने शून्य घातलं. गाडी पुन्हा एकशे बारावर आली. बाबांना अचानक दुसरीकडचं बोलावणं आठवलं आणि चेला त्यांच्याही आधी जिना उतरला.

मेव्हणे तिथेच उभे होते. "म्हणजे बाबांचा उतारा..."

"उतारा नव्हे, भावोजी. उतार. एका कान्याचा फरक." माझा आवाज मलाच परका वाटला. "आकडा बदलला की पाया पडण्याआधी विचारायचं, आणखी काय बदललं? माझ्या बहिणीला चार महिने फिट आली नाही. या चार महिन्यांत काय बदललं, तुम्हीच सांगा."

"गोळ्या सुरू झाल्या," ते हळूच म्हणाले.

त्यांनी घरी फोन लावला. "ऐक, दुपारची गोळी घेतलीस? सकाळी मी नको म्हणालो होतो, माहितीये. घे तू. मी फोन धरतो."

पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज मलाही ऐकू आला. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं, थोडंसं.