बिनतारांचं गलबत

मिरजेत तंबोरे घडवणाऱ्या दस्तगीरचाचांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. नौदलातल्या मुलानं, मेहबूबनं, जुन्या मराठी गलबताचं चित्र धाडून हुबेहूब तसंच हातभर लाकडी गलबत मागितलं, म्हणून बाप फळीन् फळी तासत बसला. त्रेसष्टच्या पावसाळ्यात पोरगा बोटीवरून बेपत्ता झाला, तरी हात थांबला नाही. दोरखंडांच्या जागी तारा तेवढ्या चढवायच्या राहिल्या. पण गिऱ्हाईक समोर बसल्याखेरीज तार चढवायची नाही, हा घरचा शिरस्ता! मेहबूबची आई खैरूनबी उघड्या डोलकाठ्या रोज पुसायची.

एका दुपारी ती चहा घेऊन आली, तर चाचा डोलकाठीला तार ताणत होते.

"आवं, मेहबूब आला व्हय?" म्हणत ती दाराकडे धावली. बाहेर कुणीच नव्हतं.

चाचांनी खालमानेनं दुसरी तार उचलली.