देवीच्या थानकातली माझी सही

रविवारी गोंडलजवळच्या त्या थानकात पाय ठेवायला जागा नव्हती. देवीचं डमरू, डाकलं, घुमत होतं, गुग्गुळाच्या धुरानं डोळे चुरचुरत होते आणि त्या धुरातून रळियातबेन काठी टाकून माताजीला फेरे घालत होत्या. चार महिने ज्यांना मोरीपर्यंत जायला सुनेचा खांदा लागत होता, त्याच या रळियातबेन! सातव्या फेऱ्याला बायकांना हुंदके आवरेनात.

"मोठमोठे डॉक्टर म्हणाले, गुडघ्यात बसवलेला सांधा सडला, पुन्हा कापा!" माताजी अंगात येणारा जेराम भुवा गरजला. "माताजी म्हणाली, भभूत खा! आणि बघा, दवाखान्याचाच कागद काय म्हणतो!"

माताजीच्या तसबिरीशेजारी सोनेरी चौकटीत एक कागद टांगलेला होता. गुडघ्यातलं पाणी तपासलं, जंतू उगवले नाहीत. खाली सही. ती सही माझी होती.

तीस वर्षं मी राजकोटात एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत जंतू पेरते. रुग्णाच्या अंगातला थेंब काचेच्या ताटलीत पेरायचा, उबेत ठेवायचा आणि काय उगवतं ते बघायचं. इतक्या वर्षांत माझ्या कागदाला कुणी साधी टाचणी नीट लावली नव्हती. इथे तर कुंकू वाहिलं होतं!

मला तिथे धाडलं होतं आमच्या हाडांच्या डॉक्टरांनी, हेमांग वसावडांनी. "विदुलाबेन, तुमच्या रिपोर्टनं माझी पेशंट पळवली," ते म्हणाले होते. "एक्स-रेत सांधा हाडापासून सुटलेला दिसतोय. आत जंतू दडी मारून बसलाय. सांधा काढून तो शोधला नाही, तर हाड पोखरेल. मग पाय कापायची पाळी येईल."

गर्दीत कुणीतरी मला ओळखलं. "अरे, सहीवाल्या बेन!" लगेच चार जण पाया पडले. भुवानं संधी साधली. "बघा, माताजीनं साक्षीदार धाडला!" असं म्हणत त्यानं माझ्याही हातात भभुतीची, मंतरलेल्या राखेची, पुडी ठेवली. "दिवसातून तीनदा, बेन. जेवल्यावरच. माताजीला रिकामं पोट चालत नाही. नऊ दिवस घ्यायची, मध्येच सोडली तर कोप!"

एवढं पथ्यपाणी माताजी कुठल्या औषधाच्या दुकानात शिकली असेल, याचा विचार करत मी रळियातबेनना गाठलं.

"बा, गुडघ्यातलं पाणी काढलं तेव्हा भभूत चालू होती?"

"आठवा दिवस होता."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमच्या माणसानं औषध चालू आहे का विचारलं, मी नाही म्हटलं. भभूत काय औषध आहे? प्रसाद आहे."

आमच्या फॉर्मवर औषधांचा रकाना होता, प्रसादाचा नव्हता. भुवाला हसायला निघालेली मी, त्याचं निम्मं काम मीच करून दिलं होतं.

प्रयोगशाळेत आल्याबरोबर एका ताटलीत मी काठोकाठ जंतू पेरले आणि वर तीन चिमटी टाकल्या. एक चुलीतल्या राखेची, एक भभुतीची, एक दुकानातल्या जंतुनाशक कॅप्सूलच्या भुकटीची. दुसऱ्या दिवशी रळियातबेनना आणि त्यांच्या मुलाला, वशरामला, बोलावून ताटली दाखवली. राखेभोवती जंतूंचं पीक जोमात होतं. भभुतीभोवती आणि कॅप्सूलभोवती मात्र स्वच्छ गोल, अगदी जुळे.

वशरामनं हात जोडले. "जय माताजी! बघा, जंतू मारते!"

"मग माताजी या कॅप्सूलमध्येही बसली असणार," मी म्हणाले. "तिला का नाही नारळ फोडत?"

"पण मारते ना, बेन? मग सुरी कशाला?"

मी समजावायला तोंड उघडलं, पण रळियातबेन आधी बोलल्या. चाळीस वर्षं कापसात खुरपं चालवलेली बाई!

"वशराम, शेतात औषध मारतोस तेव्हा लव्हाळा मरतो?"

"पात जळते, बा."

"आणि गाठ?"

"ती जमिनीत राहते."

"मग?"

"पंधरा दिवसांनी परत वर येतो," वशराम हळूच म्हणाला.

रळियातबेननी गुडघ्यावर हात ठेवला. "म्हणजे बेननी जळलेलं शेत बघितलं आणि लिहिलं, काही उगवलं नाही."

मी कितीही व्याख्यानं दिली असती तरी हे इतकं नेमकं सांगता आलं नसतं. जंतू बसवलेल्या सांध्याच्या धातूवर बुळबुळीत थर करून चिकटून बसतो, तिथे औषध पोचत नाही.

मग डॉक्टरांच्या नजरेखाली पंधरा दिवस भभूत बंद, जंतुनाशकही बंद. दडलेल्यानं डोकं वर काढावं म्हणून. पाचव्या दिवशी गुडघा टरटरून सुजला. भुवाचा निरोप आला, "कोप!" सून रडू लागली. रळियातबेन कळा सोसत म्हणाल्या, "कोप माताजीचा की लव्हाळ्याचा, ते कळू दे एकदाचं."

शस्त्रक्रियेत गुडघा उघडला, तर आतलं मांस कसं गुलाबी, निरोगी! मदतनीस डॉक्टर म्हणाला, "सर, इथे तर काहीच नाही."

"डोळ्यांवर विसंबू नकोस," वसावडा म्हणाले.

लघवी तपासायची साधी पट्टी असते, तिच्यावर गुडघ्यातल्या पाण्याचा थेंब टाकला. दोन मिनिटांत पट्टी जांभळी झाली, म्हणजे पाण्यात पुवाच्या पेशी होत्या. पण त्या कुठल्या जंतूमुळे, ते पट्टी सांगत नाही. म्हणून पाच जागांचे पाच तुकडे घेतले, दर वेळी नवा चिमटा, म्हणजे एकाचं दुसऱ्याला लागायला नको. काढलेला सांधा बरणीत घालून माझ्याकडे आला. ध्वनिलहरींनी हादरवून मी त्याचा थर सोडवला आणि ते पाणी पेरलं.

पहिला दिवस, काही नाही. दुसरा, तिसरा, काही नाही. या वेळी चौदा दिवस थांबायचं मी ठरवलंच होतं. सहाव्या सकाळी ताटलीत पांढरे ठिपके दिसले. पाचपैकी चार तुकड्यांत आणि सांध्याच्या पाण्यात, एकच जंतू! वसावडांना सांगायला अठ्ठावन्नाव्या वर्षी मी जिना धावत चढले. आता तो कुठल्या औषधानं मरतो, ते तपासता आलं आणि तेच औषध रळियातबेनना सुरू झालं. काही महिन्यांनी गुडघा निर्मळ झाल्यावर नवा सांधा बसला.

भभूत सरकारी तपासणीला गेली होती. तिच्यात जंतुनाशक निघालंच, शिवाय दुखणं दाबणारी एक गोळी आणि सूज उतरवणारी एक. सात फेरे त्या दोघींनी घातले होते.

नंतरच्या एका रविवारी रळियातबेन मला घेऊन थानकात गेल्या. जरा लंगडत, पण स्वतःच्या पायांनी. गर्दी होतीच.

"जेरामभाई, माताजीला रिकामं पोट का चालत नाही?" त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं.

"नियम आहे, बा."

"नियम कसला? गोळीनं पोटात आग पडते म्हणून!"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. भुवा म्हणाला, "डॉक्टरांच्या सुरीत माताजीच शिरली होती." रळियातबेननी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"बेन, सही तुमची आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हीच उतरवा."

मी स्टुलावर चढून चौकट उतरवली. लाज वाटली, ती वाटायलाच हवी होती.

आमच्या फॉर्मवर आता नवा रकाना आहे: प्रसाद, अंगारा, भभूत चालू आहे का? लोकहो, देवीला खुशाल हात जोडा. पण पुडी तोंडात टाकण्याआधी विचारा, हिच्यात काय आहे? आणि कागदावर "उगवलं नाही" असं लिहिलेलं दिसलं, तर विचारा, पेरलं कधी, आणि शेत आधीच जळलेलं नव्हतं ना? खाली सही माझी असली, तरीही विचारा.